उंबऱ्यावरची पाटी

१२ जुलै १९७१, सोमवार

क्ष म्हणजे किती ते पुस्तकालाच ठाऊक नाही, आणि मला विचारतंय! 'समजा, ती संख्या क्ष आहे.' का म्हणून समजा? एका संख्येच्या तिपटीत सात मिळवले तर चाळीस होतात. अकरा! वाचता वाचता सांगितलं. पण नाही, पुस्तकाला चार ओळी लिहून पाहिजेत. पावकी, दिडकी, औटकीचे पाढे तोंडपाठ असलेल्या माणसाच्या नशिबी बावन्नाव्या वर्षी हे!

दोष माझाच. आठवीचा वर्ग आपल्या गावाला मिळावा म्हणून राहुरीला खेटे मीच घातले. वर्ग मिळाला, शिक्षक नाही मिळाला. 'गुरुजी, बीजगणित तुम्हीच घ्या' राहुरीचे लोक म्हणाले. मी फायनल पास, म्हणजे सातवी, सगळी हयात अंकगणितावर काढली. सप्टेंबरअखेर शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार. बीजगणित होत नाही असं दिसलं की वर्ग बंद.

१३ जुलै

गहिनीनाथ पारावर भेटला. त्याची बायजा आठवीत आहे. तोंडावर सांगितलं त्यानं, "वर्ग हाय तवर शिकंल. राहुरीला न्हाई धाडायचा मी." अकरा पोरांत तीन मुली, आणि तिघींच्या बापांचं हेच. मुलगे जातील सायकलवर. मुली बसतील घरी.

१८ जुलै, रविवार

मुलगा कानिफ नोकरीवरून, नागापूरहून सुटीला आला. माझी चिडचिड बघून म्हणाला, मालनला विचारा की, तिची नववी झालीय. खरंच की! लग्न ठरवताना व्याही काकासाहेबांनी दहा वेळा सांगितलं होतं — मुलगी नगरला मावशीकडे राहून नववी शिकलेली. पण सुनेपुढं पाटी घेऊन बसायचं? गुरुजीनं?

२१ जुलै

बसलो. म्हणजे मी ओसरीवर, ती आत दाराआड, डोक्यावर पदर. सासऱ्यासमोर यायचं नाही ना! मी गणित मांडून पाटी उंबऱ्यावर ठेवायची, बायकोनं, बनुबाईनं, आत सरकवायची, मालननं दुरुस्त करून परत. चौथ्या खेपेला बनुबाई वैतागली. भाकरी कोण थापणार, म्हणाली.

२२ जुलै

बाजू बदलली की चिन्ह बदलतं. का? मालनला विचारलं तर म्हणे, "उद्या सांगते, मामंजी." कालही उद्याच! नववी शिकलेल्या बाईला एवढं चटकन सांगता येऊ नये? भाव खाते झालं.

२३ जुलै

सांगितलं. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सात सात काढले, तर काटा हलत नाही. बस्स. पुस्तकानं दीड पान खाल्लं होतं त्यासाठी.

५ ऑगस्ट

बापाचं वय मुलाच्या चौपट. वीस वर्षांनी दुप्पट होईल. माझं उत्तर — मुलगा उणे दहा वर्षांचा, बाप उणे चाळीस. दोघांचाही जन्म व्हायचाय! पाटी परत आली, वर बारीक अक्षरात: 'वीस वर्षं मुलालाही जातात.' आतून बनुबाईचं हसू ऐकू आलं. जेवलो नाही.

६ ऑगस्ट

जेवलो. मुलगा दहाचा, बाप चाळीसचा.

१९ ऑगस्ट

पुस्तक एकच आहे आणि ते घरीच ठेवतो. शाळेत नेलं तर पोरं म्हणतील, गुरुजी बघून शिकवतात. आज त्याचाच फटका बसला. फळ्यावर दुसऱ्या ओळीवरून थेट उत्तरावर आलो. बायजा उठली, "गुरुजी, मधलं कुठं गेलं?" मधलं माझ्या डोक्यात होतं! ते फळ्यावर काही येईना. उद्या सांगतो म्हणालो.

२ सप्टेंबर

उणे गुणिले उणे बरोबर अधिक. आता मात्र हद्द झाली! दोन तोटे मिळून फायदा कुणाला झालाय आजवर? पुस्तक म्हणतं 'नियम लक्षात ठेवा'. मी पुस्तक भिरकावलं. पुठ्ठा निघाला. मालन म्हणाली — उद्या.

४ सप्टेंबर

एका दिवसाचे दोन झाले. पण पाटी आली ती अशी: उणे दोन दुणे उणे चार. उणे दोन एके उणे दोन. उणे दोन गुणिले शून्य, शून्य. 'दर वेळी दोन वाढतात, मामंजी. पुढं उणे एकानं गुणलं तर?' अधिक दोन. दुसरं काही येऊच शकत नाही! बत्तीस वर्षं पाढे घोकून घेतले, आणि हे असं बघितलं नाही कधी. किती राग आला स्वतःचा. आणि किती बरं वाटलं.

२८ सप्टेंबर

तपासणी. साहेब तरुण, इस्त्रीचे कपडे. नेमकं विचारलं, उणे गुणिले उणे अधिक का? मी खडू बायजाच्या हातात दिला. तिनं पाटीवरच्या तिन्ही ओळी फळ्यावर उतरवल्या, चौथी साहेबांकडूनच वदवून घेतली. शेरा — अध्यापन समाधानकारक, वर्ग चालू ठेवावा. गहिनीनाथ खिडकीत उभा होता. तपासणी संपेपर्यंत हलला नाही.

घरी आल्यावर उंबऱ्याशी उभा राहून शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. बनुबाई आतून म्हणाली, मालन रडतीय.

३ ऑक्टोबर

ठरवलं. मालननं मॅट्रिकला बसायचं, बाहेरून. कानिफची हरकत नाही. असलीच तर मला येऊन सांगू दे. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. काकासाहेबांना कार्ड टाकलं. मालनला सांगितलं तर म्हणे, कशाला मामंजी, राहू द्या. राहू द्या कसं? चिडलो तिच्यावर.

१६ ऑक्टोबर

दाखला आला. सोबत काकासाहेबांची चिठ्ठी, क्षमा करा म्हणून. इयत्ता सातवी पास. शाळा सोडण्याचे कारण: गावात पुढील वर्ग नाही.

बनुबाईला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, "तुमी शाळंत गेला की पुस्तक घिऊन बसायची. मला म्हनली, मामंजींना सांगू नका, वर्ग जाईल."

पोरगी माझ्यापेक्षा एकच दिवस पुढं होती.