गांडुळांची हजेरी

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (पाठ धरली असल्यामुळे या खेपेला अर्धाच वाकलो आहे, उरलेला अर्धा मनातल्या मनात पोचता करून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होत्या की डॉक्टरांनी तुम्हाला उकिडवं बसायला मनाई केली आणि तेव्हापासून तुम्ही त्या डॉक्टरांकडे जाणंच बंद केलं. उत्तम केलंत. मामींची झोप, तुमचा खोकला आणि अंगणातला तो नळ, तिघांचीही चौकशी केली म्हणून समजा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, निदान माणसं तरी. असं का म्हणतो ते पुढे येईलच. फोन सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मधेच बोलता, मामा. आणि जे सांगायचं आहे ते मधे कुणी बोललं तर माझ्याच्यानं पुरं होणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहेच की मी गेली बावीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो आणि त्याचा मला घरात काडीचाही उपयोग झालेला नाही. तर या शुक्रवारी आमच्याकडे मूल्यांकन समिती येते आहे. ही समिती पाच वर्षांनी एकदा येते, एक दिवस राहते, आणि ती यायच्या आधीचं वर्षभर आम्ही शिकवणं सोडून तिच्यासाठी तक्ते भरतो. यंदाच्या तक्त्यात एक नवा रकाना आला: ‘कर्मचारी व प्राध्यापक यांना पर्यावरणाबद्दल आस्था का आहे, ते पुराव्यासह नमूद करावे.’ आस्था आहे का, असं विचारलं असतं तर ‘होय’वर खूण करून मोकळे झालो असतो. ‘का’ विचारल्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली. प्राचार्यबाईंनी तातडीची सभा बोलावली, पर्यावरण समिती नेमली आणि सचिव म्हणून एकमतानं माझी निवड झाली. कारण त्या सभेला एकटा मीच गैरहजर होतो. दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. एकाच दिवशी एक दाढ गेली आणि एक पद आलं, आणि खरं सांगायचं तर दाढेचा त्रास कमी होता.

सचिव या नात्यानं मी सर्वांकडून पर्यावरणाविषयीच्या आस्थेवर एकेक पान लिहून मागवलं. त्रेचाळीस पानं आली. त्यांतली एकतीस शब्दन् शब्द सारखी होती. चौकशी केल्यावर कळलं की रसायनशास्त्राच्या बाईंनी आपल्या पाचवीतल्या मुलीचा निबंध उतरवून दिला होता आणि तो टेबलाटेबलावरून फिरत गेला. (आम्ही विद्यार्थ्यांना नक्कल केल्याबद्दल परीक्षेबाहेर काढतो, हे तुमच्या माहितीसाठी.) आमचे भौतिकशास्त्राचे सर येत्या वर्षी निवृत्त होताहेत. त्यांनी खाली सही करून दिलं होतं, ‘मी मोठा झालो की खूप झाडे लावणार आहे.’ तोंडी विचारलं तर मात्र माणसं खरं बोलत. ग्रंथपालबाईंना बाहेरच्या झाडाची काळजी होती, कारण ते गेलं तर दुपारचं ऊन थेट त्यांच्या खुर्चीवर येतं. संख्याशास्त्राच्या सरांना (त्यांना आम्ही ‘सरासरी’ म्हणतो, कारण ते जेवणसुद्धा सरासरी बरं होतं असं म्हणतात) त्याच झाडाची काळजी होती, कारण खाली त्यांची स्कूटर असते. ही कारणं रकान्यात कशी भरणार? मनापासूनचं असं एकच पान आलं, आणि ते आमच्या माळीदादांचं होतं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून मीच उतरवून घेतलं. ते म्हणाले, “अठरा वर्षं मी त्या झाडाला पाणी घालतोय. आता ते सुकलं तर मी इतकी वर्षं काय केलं म्हणून सांगू?” पुढे काही लिहू का विचारलं, तर म्हणाले की एवढंच आहे, आणि झारी घेऊन निघून गेले.

आता पुराव्याचं. कॅन्टीनच्या मागे माळीदादांचा गांडूळखताचा एक खड्डा आहे. अकरा वर्षं तो कुणाच्याही परवानगीशिवाय चालू होता, आणि म्हणूनच व्यवस्थित चालू होता. कॅन्टीनच्या भाज्यांची देठं, बागेतला पाचोळा, वर ओलं गोणपाट, आत गांडुळं, आणि वर्षाकाठी वीसेक पोती काळंभोर खत. आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. प्राचार्यबाईंच्या नजरेला तो पडला आणि आठवडाभरात त्याचा प्रकल्प झाला. पाटी लागली. रीतसर उद्घाटन झालं, फीत कापताना पाहुण्यांचा एक पाय प्रकल्पात गेला. बाईंनी मात्र त्या दिवशी सगळ्यांसमोर शब्द दिला की मूल्यांकन समितीला प्रकल्प पसंत पडला, तर माळीदादांना कायम करण्याचा प्रस्ताव संस्थेकडे जाईल. मामा, हा माणूस अठरा वर्षं हंगामी आहे. दर अकराव्या महिन्यात त्यांना एक दिवस कामावरून काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. (काढलेल्या दिवशीही ते येतात, फक्त त्या दिवशी नळ उघडायला परवानगी नसते म्हणून घरून दोन बादल्या आणतात.) कायम झाले असते तर त्यांना निवृत्तिवेतन आणि फाटकाजवळची खोली मिळाली असती. त्या दिवशी घरी जाताना ते त्या खोलीच्या खिडकीतून आत डोकावून पाहत होते, ते मी पाहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण तक्त्यात पुढचा प्रश्न होता: ‘गांडुळांची एकूण संख्या.’ माळीदादांना विचारलं तर म्हणाले, “पुष्कळ आहेत.” हा आकडा रकान्यात बसेना. मग सरासरींनी सूत्रं हाती घेतली. खड्ड्याचे चोवीस चौकोन पाडले, रोज सकाळी प्रत्येकातून एक वाटी माती काढायची, पांढऱ्या कागदावर पसरायची, गांडुळं मोजायची आणि परत सोडायची. त्यासाठी तीन पथकं, एक हजेरीपट आणि एक पर्यवेक्षक (मी). गांडुळं एका जागी थांबत नाहीत, तेव्हा मोजून झालेली पुन्हा न मोजलेल्यांत जात, आणि एका प्राध्यापकांनी त्यांना सवयीनं “जागेवर बसा” म्हटल्याचं मी या कानांनी ऐकलं. आकडा निघाला बारा हजार चारशे शहाऐंशी. तो अहवालात गेला. एकदा मोजल्यावर प्रत्येकाला आपापल्या चौकोनाबद्दल माया वाटायला लागली आणि तिथंच घात झाला. जो तो आपल्या डब्यातलं उरलेलं आणून घालू लागला, कुणी भात, कुणी वरण. रसायनच्या बाईंनी आंबटपणा मोजून चुन्याची चिमूट टाकली, भौतिकच्या सरांनी तापमान पाहायला दिवा लावला. माळीदादा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, त्यांना जरा एकटं सोडा. ती अंधारातली जात आहे.” मी त्यांना हजेरीपट दाखवला.

दोन आठवड्यांत खड्ड्याला असा दर्प सुटला की कॅन्टीनवाल्यानं खिडकी बंद केली. मग गेल्या सोमवारी सकाळी माळीदादांनी गोणपाट उचललं, तर सगळी गांडुळं मेलेली. मी पोचलो तेव्हा ते खड्ड्याच्या काठावर टेकले होते, हातात गोणपाट तसंच. दुपारी सभा झाली. सभेत चुन्यानं दिव्याकडे बोट दाखवलं, दिव्यानं वरणाकडे, आणि वरणवाल्यांनी सरासरींच्या मोजणीकडे. सगळे एकमेकांची उणीदुणी काढत असताना दारात उभे असलेले माळीदादा म्हणाले, “माझंच चुकलं. पाणी जास्त झालं असेल.” मग सगळे गप्प झाले. सुटल्यासारखे गप्प झाले, मामा, मीसुद्धा. बाईंनी त्यांचा प्रस्ताव फायलींच्या वरच्या गठ्ठ्यातून काढून खालच्या गठ्ठ्यात ठेवला. एवढंच झालं, पण सगळ्यांना दिसेल असं झालं.

आता खरी गंमत सांगतो, किंवा गंमत नाही ते सांगतो. सभेनंतर कुणी घरी गेलं नाही. एकेक करून सगळे खड्ड्यापाशी आले. ग्रंथपालबाई पदर खोचून माती उकरत होत्या. सरासरी तर चहाचा चमचा घेऊन चौकोना-चौकोनातून एखादं जिवंत सापडतं का ते बघत होते, आणि त्यांना चार सापडली. ती त्यांनी ओल्या मातीसकट स्वतःच्या जेवणाच्या डब्यात घालून घरी नेली. बायकोला काय सांगणार, असं मी विचारलं तर म्हणाले, “सांगेन, चौघं पाहुणे आहेत.” मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आमच्या लोकांना खरोखरच आस्था आहे. फक्त ती का आहे हे त्यांना लिहिता येत नाही, आणि सांभाळायची कशी हे आम्हाला एका माळ्याकडून शिकता आलं असतं, पण तो आमच्या हजेरीपटावर नव्हता. त्या रकान्यात काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही.

असो. बाकी क्षेम. मामींना सांगा, त्यांनी दिलेलं तेल पाठीला रोज लावतो. (लावत नाही, पण सांगा.) गुडघ्याची काळजी घ्या आणि डॉक्टरांनी तोंड उघडलं की आपण बंद ठेवत जा.

तुमचा भाचा
(पर्यावरण समितीचा सचिव, आणखी किती दिवस ते शुक्रवारी कळेल)

ता. क. : पत्र घेऊन आलेल्या गृहस्थांच्या हातात जी झाकणाची बादली आहे, ती भेट नाही. रिकामी आहे. तुमच्या अंगणातल्या वाफ्यातून दोन किलो गांडुळं, चांगली खाती-पिती, मातीसकट द्यावीत ही विनंती. खड्डा आम्ही उपसून, धुऊन, नवी माती आणि जुनं शेण घालून तयार ठेवला आहे. या वेळी कुणीही मोजणार नाही. गृहस्थांना जेवल्याशिवाय सोडू नये.

दुसरा ता. क. : तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या लग्नात, निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात आणि आमचे मामा किडे पाळतात, असं मी भर पंगतीत म्हणालो होतो. तुम्हीही हसला होतात, पण नंतर भाजी घेतली नाही. ते मला आजवर आठवतं. मी ते शब्द मागे घेतो. (बादलीशी याचा काही संबंध नाही. थोडा आहे.)

तिसरा ता. क., मंगळवार, संध्याकाळ : वर सगळ्यांची नावं घेतली, एक राहिलं. सोमवारी प्राचार्यबाई स्वतः पाहणीला येणार होत्या आणि दर्प काही जाईना. तेव्हा शनिवारी सगळे गेल्यावर मी माझ्या कपाटातल्या गुलाबाच्या वासाच्या फिनेलच्या दोन बाटल्या खड्ड्यात ओतल्या, आणि खड्डा किती छान वास मारतो आहे म्हणून स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. चुना, दिवा, वरण, मोजणी, कशानंही ती मेली नाहीत. आज दुपारी हे सगळं बाईंना लेखी देऊन आवक शिक्का मारून घेतला. त्यांनी दोनदा वाचलं, “गुलाब?” एवढंच म्हणाल्या, आणि खालच्या गठ्ठ्यातून ती फाईल काढून परत वर ठेवली. अहवालातला बारा हजारांचा आकडाही खोडला, तिथं आता ‘नव्याने सोडलेली’ असं जाईल. माझं काय करायचं ते शुक्रवारनंतर ठरेल आणि ते योग्यच होईल.

राहिले माळीदादा. पत्र घेऊन आलेले गृहस्थ तेच. सोमवारी गोणपाट उचलल्यावर तो वास त्यांना आला नसेल असं होणार नाही, आणि फिनेलच्या बाटल्या कुणाच्या कपाटात असतात हेही त्यांना ठाऊक आहे, तरी ते पाण्याचं सांगून दोष स्वतःवर घेऊन बसले. आत्ता बादली देताना मी त्यांना सांगणार होतो. “झाकण नीट लावा” एवढंच म्हणालो. बाईंना लिहून देता आलं, तुम्हाला लिहिता आलं, पण त्यांना अक्षर लागत नाही आणि मला लिहिण्यावाचून दुसरं काही जमत नाही. म्हणून मामा, त्यांचं जेवण झालं की हा तिसरा ता. क. त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. पहिल्या ओळीपासून, मधलं काही न गाळता. ऐकून ते काय म्हणतात ते मला कळवू नका.

नको, कळवा.