चौथ्या दिवसाचं अंडं

विश्रांतवाडी, मंगळवार संध्याकाळ

मी सांगते, नात लिहिते. चुका तिच्या, शहाणपण माझं.

सायलीनं कॉलेजच्या प्रयोगासाठी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून अंडी ठेवली होती. बाकीची रिकामी निघाली, एकातच जीव धरला. सकाळी टॉर्च लावून पाहिलं तर आत लाल ठिपका टुकटुक उडत होता. तेच पिल्लाचं काळीज. दुपारी तासभर लाईट गेली आणि ठिपका थांबला.

"आजी, मेलं गं. टाकून देते."

"थांब. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठते. तेवढ्यानं अंडी मरत असती, तर कोंबड्या उरल्या असत्या का?"

अंडं पदरात गुंडाळून पोटाशी धरलं. जागची हलले नाही. बोलून तर गेले, पण मेलंच असलं तर? पोरीला उगाच आशा लावली का?

लाईट आल्यावर टॉर्च धरला. ठिपका अगदी हळू उडाला. मग पुन्हा. सायली रडत रडत ठोके मोजायला लागली आणि दोनदा चुकली. गारठ्यानं ठोके मंदावतात, हे तिच्या पुस्तकात आहे म्हणे. पुढच्या पानावर होतं.

आता तिच्या एका हातात पेन, दुसऱ्या हातात टॉर्च. पुरे झालं लिहिणं, म्हटलं. टॉर्च इकडे दे, मला पुन्हा बघू दे.