हिंगणझरीचा गतिरोधक

१६ नोव्हेंबर १९८१, सोमवार

आमच्या गावच्या शाळेसमोरचा रस्ता नेमका कोणाचा? मला सांगता येत नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पेपरात एकसष्ट मार्क पडले होते, तरी सांगता येत नाही. हे फक्त इथे लिहिते. गावात बोलायचं नाही.

प्रश्न आज सकाळी उभा राहिला. शाळा रस्त्याच्या अलीकडे, विहीर पलीकडे. शाळेचं पिण्याचं पाणी तानाबाई भरतात. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन त्या रस्ता ओलांडत होत्या आणि कापसाचा ट्रक आला. तानाबाईंनी उडी मारली, गुंड खाली पडला. पितळेचा चांगला गुंड, आता भाकरीसारखा झाला आहे. ट्रक गेला त्या दिशेला बघून तानाबाई बराच वेळ बोलत होत्या. त्यातलं इथे लिहिता येईल असं काही नव्हतं.

शाळेत मुलं त्रेचाळीस. माठातलं पाणी संपलं की तीही तशीच विहिरीकडे धावतात. आज गुंड होता.

निश्चय: ३१ डिसेंबरच्या आत शाळेसमोर गतिरोधक. रोज एक पाऊल उचललं तरी पंचेचाळीस पावलं होतात. खरं तर आठवड्यात होईल, पण सरकारला सवलत द्यावी.

१८ नोव्हेंबर

काल पाऊल उचलता आलं नाही. कापूस वेचायला मजूर कमी होते, आईनं मलाच वावरात नेलं.

आज सरपंच रूपरावजींकडे गेले. ते म्हणाले, "रस्ता आपला नाई, बाई. रस्त्यावरचं शेण आपलं. रस्ता सरकारचा." मग कोणत्या सरकारचा, असं विचारलं, तर म्हणाले, "तू बीये हायेस, तूच सांग आमाले."

पहिलं पाऊल यशस्वी. रस्ता ग्रामपंचायतीचा नाही, हे निश्चित झालं.

२३ नोव्हेंबर, सोमवार

दहाच्या बसनं वर्ध्याला. तानाबाईंकडून चपटा गुंड पुरावा म्हणून मागून घेतला. त्या द्यायला तयार नव्हत्या. भांडेवाली आली की मोडीत देऊन नवा घ्यायचा त्यांचा बेत. "पंधरा दिवसांत परत आणते," असं मी वचन दिलं. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, हे ताट आहे का.

पहिल्या ऑफिसात सांगितलं, मैलाच्या दगडापर्यंत आमचा, पुढचा त्यांचा. 'त्यांच्या' ऑफिसात सांगितलं, दगडापर्यंत आमचा, पुढचा त्यांचा. दगड आमच्या शाळेच्या बरोबर समोर आहे. म्हणजे दोघांच्या मते शाळेसमोरचा रस्ता दुसऱ्याचा.

दुसऱ्या ऑफिसात चंद्रभानबाबू म्हणून एक क्लार्क आहेत. फार सज्जन. त्यांनी बसायला स्टूल दिलं. अर्ज वाचून म्हणाले, "बाई, तुमचा अर्ज बहोत बारीक हाय. एकच तकरार. अशी फाईल कोणाच्या नजरेत नाई येत. रस्त्याचं जे जे वाईट दिसते ते सब लिहा. मोटी फाईल साहेब खुद उघडून पाह्यतात."

असं आतून मार्गदर्शन करणारी माणसं शासनात आहेत, हे लोकांना कळत नाही. गुंड त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला. मी निघाले तेव्हा पंख्यानं कागद उडत होते, त्यांवर त्यांनी तो ठेवला.

२४ नोव्हेंबर, रात्री जेवणाआधी

अकरा कलमांचा अर्ज तयार. १) गतिरोधक. २) खड्डे. ३) नाल्यावरच्या पुलाला कठडा. ४) शाळेच्या बाजूला हातपंप. ५) बस कोणी कुठेही हात दाखवला की थांबते. ६) रस्त्यावर बसणारी गुरं. ७) रस्त्यावर पीक पसरून वाहनांकडून मळून घेणे. बाकीची चार पान भरावं म्हणून.

सातव्या कलमावर मी बराच विचार केला. आमच्याकडे तूर निघाली की सगळं गाव ती डांबरी रस्त्यावर पसरतं. वाहनं वरून जातात, शेंगा फुटतात, दाणे सुटतात. बैल फिरवायला नकोत. हे अशास्त्रीय आहे, चाकं घसरू शकतात. बाबांची तूरही रस्त्यावरच जाते, म्हणून कलम गाळणार होते. पण आपल्या घरापासून सुरुवात केली नाही तर शिकून काय उपयोग? लिहिलं.

अर्जात दगडाचा नंबर हवा होता. बघायला गेले, तर दगडावर शेंदराचा थर, वर फूल. नंबर दिसेना. तानाबाईंना विचारलं, आत काय लिहिलं आहे. म्हणाल्या, "देवाले नंबर कायले पाह्यजे, नलूबाई? माहा गुंड कधी आणतेस?"

'शेंदरी दगडाजवळ' असं लिहून अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवला.

१ डिसेंबर

उत्तर नाही. आठवडाच झाला आहे.

बाबा पारावर सांगून राहिले की, "आमच्या नलूनं सरकारले लिव्हलं हाय, सरकार तिचं आयकते." डिग्रीची फ्रेम त्यांनी केळझरच्या गणपतीच्या फोटोशेजारी लावली आहे. आई दोघांनाही सकाळी एकच उदबत्ती ओवाळते. बाबांना थांबवायला हवं, पण ते म्हणतात ते शेवटी खरंच ठरणार आहे, मग कशाला.

६ डिसेंबर, रविवार

शासन येईपर्यंत नागरिकांनी हातावर हात ठेवून बसू नये. गोठ्याचं एक टिन काढलं आणि फलक रंगवला. मजकूर माझाच: "वाहनचालक बंधूंनो, आपल्याही घरी लहान मुले असतील, त्यांचे स्मरण करून, पुढे शाळा आहे हे लक्षात घेऊन, कृपया आपल्या वाहनाचा वेग मर्यादित ठेवावा, ही नम्र विनंती." एक स्वल्पविराम जागा नव्हती म्हणून गाळावा लागला, तो खुपतो.

श्रावण गुरुजींनी खड्डा खणायला मदत केली. शाळा त्यांच्या एकट्यावर चालते, चारही वर्ग. त्यांनी विचारलं, "बाई, नुसतं 'हळू' लिहिलं असतं तर?" मी म्हटलं, आज्ञेनं माणूस तेवढ्यापुरता बदलतो, विनंतीनं कायमचा. गुरुजींनी मान हलवली आणि माती दाबली.

८ डिसेंबर

दहाच्या बसचे ड्रायव्हर प्रेमदास यांनी फलकाजवळ बस थांबवली. मला वाटलं, परिणाम. ते खिडकीतून म्हणाले, "बाई, हे पुरं वाचत बसलो त माही मोटर नाल्यात जाईन. घरी जाऊन वाचू काय?" बसमधले सगळे हसले.

तरी त्यांनी वाचायला सुरुवात केली होती, हे महत्त्वाचं.

१० डिसेंबर

आजपासून शास्त्रीय मोजणी. बाबांचं घड्याळ घेऊन शाळेच्या ओट्यावर बसले. बाभळीपासून शेंदरी दगडापर्यंत ट्रकला लागलेला वेळ: ९ सेकंद, ८, ९, १०. दहा सेकंदवाला बिडी पेटवत होता.

फलक नवा आहे. सवय व्हायला वेळ लागतो.

१५ डिसेंबर

९, ९, ८. धुकं होतं, फलक दिसला नसेल. ट्रकवाले बरेचसे परप्रांतातले, हे लक्षात आलं नव्हतं. खाली हिंदीत लिहायला टिनावर जागा नाही. तानाबाई अजून रिकाम्या हातानं फिरून राहिल्या, शेजारणीचा गुंड मागून पाणी भरतात. मला बघितलं की तोंड फिरवतात.

२१ डिसेंबर, सोमवार

लिहिताना शाई सांडली. आनंदानं.

२४ सेकंद! २६! २२! एक ट्रक तर ३१! कापसानं भरलेले ट्रक बैलगाडीसारखे येऊन राहिले. तीन मुली विहिरीवरून हसत हसत रस्ता ओलांडून आल्या, मध्येच थांबून एकीनं वेणी बांधली.

फलक लावून बरोबर पंधरा दिवस झाले. विनंती मनात मुरायला तेवढे लागतातच.

योगायोगानं आजच शाळेसमोर तूर पसरली गेली. तानाबाईंची, आमची, रूपरावजींची. गुडघाभर थर, कडेनं मोठमोठे धोंडे, आणि बाया काठीनं तूर उलटवून राहिल्या. गुरुजी म्हणाले, "तुरीमुळंही असन बाई. पसारा असला की पोराईचा घोर नाई राह्यत. दरसाली असंच असते." गुरुजी भाबडे आहेत. कार्य आणि कारण यांतला फरक त्यांना कॉलेजात कोणी शिकवला नाही.

३१ डिसेंबर

मुदत संपली. गतिरोधक नाही. परंतु गतिरोधकाचा हेतू काय? गती रोधणे. ती रोधली गेली आहे. सरासरी २५ सेकंद. म्हणजे निश्चय पूर्ण झाला असंच म्हणावं लागेल.

नव्या वर्षाचा निश्चय: जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेसमोर फलक. गोठ्याची टिनं पुरणार नाहीत.

११ जानेवारी १९८२, सोमवार

शासन आलं!!

दुपारी जीप. चंद्रभानबाबू स्वतः, सोबत दोन माणसं आणि डिंकाचा डबा. मी धावत गेले. बाबूंनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुमची फाईल मोटी झाली तवाच निघाली. अकरा कलमांत एक मंजूर."

कोणतं, असं विचारेपर्यंत नोटीस शाळेच्या भिंतीवर चिकटली होती. 'कु. नलिनी किसनराव डायगव्हाणे, बी.ए. यांच्या अर्जातील कलम ७ नुसार, रस्त्यावर पीक पसरण्यास मनाई. कसूर करणाऱ्यावर कारवाई होईल.'

बाकीच्या दहांचं काय? बाबू म्हणाले, "त्याले पैसा लागते. मनाईले कागदच लागते." जाताना त्यांनी गुंड परत दिला. पुरावा तपासून परत, असं वर चिठ्ठीही होती.

चार वाजेपर्यंत सगळ्यांनी तूर उचलली. बाबांनीही. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे. तू लिव्हत बस."

माझं नाव शासकीय कागदावर छापून आलं, हे पहिल्यांदाच.

१४ जानेवारी, संक्रांत

सहा घरी तीळगूळ घेऊन गेले. चार घरी कुणी घरात नव्हतं, आतून बोलण्याचे आवाज येत होते. तानाबाईंनी मात्र दार उघडलं. गुंड घेतला, उलटसुलट बघितला, तीळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "नलूबाई, सरकारले सांगजो, ट्रकले रस्ता मोकळा करून देल्ला, आता आमाले पंख लावून दे."

लोकांना सुधारणा पचायला वेळ लागतो.

१६ जानेवारी

मोजणी: ८, ८, ७. रस्ता साफ झाल्यानं वाहतूक सुरळीत झाली आहे. 'सुरळीत' हाच शब्द योग्य.

१८ जानेवारी, सोमवार

सकाळी फलक जागेवर नव्हता. नाल्याजवळ सापडला, रात्री कुठल्या तरी ट्रकनं उडवला. टिन चपटं झालं आहे, मधोमध टायरचा पट्टा. 'पुढे शाळा आहे' एवढंच वाचता येतं.

११.२० वाजता. मी ओट्यावर घड्याळ घेऊन बसले होते. कमलाबाईंची सुशी, दुसरीतली, हातात पेला घेऊन विहिरीकडे पळाली. ट्रक बाभळीपाशी होता. मी सेकंद मोजत होते. मोजतच होते. गुरुजींनी वर्गातून उडी टाकली आणि तिचा फ्रॉक मागून धरला. पेला सुटला, ट्रक गेला.

७ सेकंद.

पेल्याचं काय झालं ते लिहीत नाही.

सुशी पाण्यासाठी रडत होती. गुरुजी उठले आणि तिच्यासाठी पाणी आणायला स्वतः विहिरीवर गेले.  मला एखादा रागाचा शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

जेवले नाही. वहीची मागची पानं काढून आकडे एका रेघेत लिहिले. तूर नव्हती: ९. तूर होती: २५. तूर उचलली, सोळा तारखेला: ८. फलक तिन्ही वेळा होता.

कार्य आणि कारण.

गुरुजींकडे गेले. म्हटलं, तुमचं खरं होतं. ते पाटीवर गणित तपासत होते. म्हणाले, "खरं तुमचंही होतं, बाई. ट्रक हळू झालेच पाह्यजेत. फक्त तूर काऊन काढाले लावली, तेवढं समजलं नाई."

बाबूंना मनाई मागे घेण्याचा अर्ज लिहायला बसले. अर्ज जायला आठवडा, फाईल मोठी व्हायला महिना, जीप यायला... मागचा अर्ज गेला २४ नोव्हेंबरला, जीप आली ११ जानेवारीला. अठ्ठेचाळीस दिवस. तोवर सुशी रोज अकराला तहानेल.

अर्ज अर्धा सोडला. मग तोच आकडा परत बघितला. अठ्ठेचाळीस दिवस.

२० जानेवारी, बुधवार, दुपारी १२

पहाटे बाबांना उठवलं. म्हटलं, बंडी जुंपा. त्यांनी विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, शाळेसमोर. ते बंडी जुंपता जुंपता बैलांना म्हणाले, "चला, बीयेचा हुकूम हाय."

तूर मी पसरली, स्वतःच्या हातानं, गुडघाभर. कडेनं धोंडे. तानाबाई विहिरीवर उभ्या राहून बघत होत्या. मग गुंड खाली ठेवला आणि म्हणाल्या, "असे धोंडे ठेवतेत काय? सरक." सगळे धोंडे त्यांनी पुन्हा नीट लावले आणि घरून स्वतःचीही तूर आणली.

प्रेमदास यांनी बस हळू केली, खिडकीतून नोटीस वाचली, खाली तूर बघितली, मला बघितलं. म्हणाले, "हे मात्र लवकर वाचून झालं, बाई."

११.२० चा ट्रक: २७ सेकंद. सुशी गुरुजींचं बोट न धरता गेली, पाणी प्यायली आणि तुरीतून पाय ओढत परत आली.

नियम मोडला आहे, त्याची नोंद व्हायला हवी. बी.ए. आहे, नियम गुपचूप मोडणार नाही. म्हणून नवा अर्ज लिहिला. अर्जदार: कु. नलिनी किसनराव डायगव्हाणे. कसूरदार: वरीलप्रमाणे. ठिकाण: शेंदरी दगडाजवळ. कारवाई व्हावी, ही नम्र विनंती. फाईल मोठी व्हावी म्हणून सोबत आणखी चौदा कलमं जोडली.

अठ्ठेचाळीस दिवस धरले तर नऊ मार्चच्या आत कोणी येत नाही. तोवर तूर मळून होते, आणि मग गव्हाचं काड पसरायला येतं.

आताच पेटीत टाकून आले.