बदलीची बदली

अमडापूर,
६ जानेवारी २०२५

ती. नीळकंठकाकांस,
अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं काकूनं कळवलं. फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही भलतंच ऐकून आशीर्वाद द्यायचे, त्यापेक्षा पत्रच बरं. मागच्या खेपेला मी नाटकात आहे म्हणाले, तर फाटकात कशाला उभी राहतेस म्हणून रागावलात!

तर नाटकाचंच सांगते. आमच्या मंडळानं यंदा 'बाई आल्या का?' हे विनोदी नाटक घेतलंय. पोस्टातून रिटायर झालेले शेषराव बसवताहेत. एका मोठ्या नटीच्या दोन बदली नट्या वर्षानुवर्षं रंगपटात बसून आहेत. बाई आजारी पडल्या तरच यांना काम मिळायचं. म्हणून एक जण बाईंना ऐन थंडीत आग्रह करकरून दही वाढते, आणि सर्दी होते हिलाच. तालमीत आम्ही पोट धरून हसतो.

ही दहीवाली म्हणजे सुवर्णा. आमच्या शाळेतल्या ओवीची आई. घरची वांगी-टमाट्याची शेती आहे, बाजारात स्वतः बसते. ती नुसती मान वळवते आणि लोक हसतात. मी प्रॉम्प्टर. शिवाय सुवर्णाला काही अडचण आली, तर तिचं काम मी करायचं. म्हणजे मी बदलीची बदली. शेषराव म्हणाले, मॅडम, पाठांतर तुमचंच चोख, पण तुम्ही बोलल्या की वर्ग भरल्यासारखा वाटते. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र आरशापुढे उभी राहून सुवर्णाची वाक्यं म्हणून पाहिली.

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी प्रयोग आहे. काकूला नमस्कार, आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
अनुपमा


दुसरबीड,
१३ जानेवारी

चि. अनुपमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फाटकाबद्दल तुझ्या काकूनं माझी गावभर बदनामी केली आहे, तू त्यात भर घालू नकोस. यंत्र दुरुस्तीला जालन्याला गेलं आहे. तोवर घरात फार शांतता आहे, आणि मला ती आवडू लागली आहे.

तुझं पत्र वाचून मजा वाटली. तरुणपणी आमच्या मंडळात मीही एका फौजदाराच्या कामाला राखीव होतो. आमचा फौजदार अंगात सणकून ताप असताना आला आणि उभा राहिला. मला त्याचा इतका राग आला होता, की दुसऱ्या दिवशी त्याला बघायलासुद्धा गेलो नाही. तेव्हा तू आरशापुढे का उभी राहिलीस ते मला सांगायला नको, मला ठाऊक आहे. काम करावंसं वाटलं तर खुशाल वाटू दे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रयोग कसा झाला ते सविस्तर लिही. हरभरा बरा आहे. काकू आठवण काढते. तू सुखी असावंस, एवढंच मागतो.

तुझा,
नीळकंठकाका


अमडापूर,
२ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शाळेत तपासणी होती.

प्रयोग उत्तम झाला. मंडपात बसायला जागा नव्हती. दह्याच्या प्रवेशाला लोक इतके हसले की सुवर्णाला थांबावं लागलं. मी विंगेत पुस्तक धरून बसले होते. माझं मात्र तिसऱ्या घंटेच्या आधीपासूनच चित्त थाऱ्यावर नव्हतं. सत्यभामाबाईंचं काय झालं असेल, एवढंच डोक्यात होतं. सत्यभामाबाई म्हणजे सुवर्णाची आई, तिकडे सोनाळ्याला असतात. पडदा पडल्यावर तिच्या भावाचा, हरिओमचा फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून शेगावच्या दवाखान्यात नेलं होतं. सुवर्णा तोंडावरचा रंगही न पुसता शेषरावांच्या गाडीतून गेली. ती पोचली तोवर आईची वाचा गेलेली होती. जीव वाचला. पण शब्द नाही.

आता सुवर्णा सोनाळ्यालाच आहे. चिखलीहून प्रयोगाचं बोलावणं आलंय, मार्चमध्ये. शेषराव म्हणतात, सुवर्णाचं काम आता तुम्हीच करा. मी नाही म्हटलं. माझा घसा बरा नाही.

जास्त काय लिहू. काकूला नमस्कार. तुमची माया असू द्या.

अनुपमा


दुसरबीड,
८ फेब्रुवारी

चि. अनुपमा हिस,
अनेक आशीर्वाद.

सत्यभामाबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. तुझी काकू म्हणते, मालिशनं फरक पडतो, रोज करायला सांग.

मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. ती खोड जात नाही. फोन पडदा पडल्यावर आला, असं तू लिहितेस. मग तिसऱ्या घंटेच्या आधीच तुला सत्यभामाबाईंची काळजी कुठून लागली? आणि घसा बरा नसलेली बाई एवढ्या ताणून-ताणून शिरोरेघा मारत लिहीत नाही. तुझं अक्षर लहानपणी खोटं बोलताना असंच व्हायचं.

मी रागावणार नाही. इथे कोणाला वाचूनही दाखवणार नाही, काकूलासुद्धा नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तरी तू माझी पुतणी आहेस, त्यात बदल व्हायचा नाही.

तुझा,
नीळकंठकाका


अमडापूर,
१३ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

फोन पडदा पडल्यावर आला नव्हता. मेकअप चालू असतानाच आला होता. शेषरावांच्या शिस्तीप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल माझ्या पिशवीत होते. सुवर्णाचा वाजला, मी बाहेर जाऊन उचलला. हरिओम म्हणाला, आईचं तोंड वाकडं झालं, शेगावले नेऊन राह्यलो, ते सारखी ताईलेच हाका मारून राह्यली, ताईले आत्ताच निघायले सांगा. मी म्हटलं, हो, सांगते.

आणि काका, फोन ठेवल्याबरोबर माझ्या मनात काय आलं असेल? सत्यभामाबाई नव्हेत, सुवर्णाही नव्हे. नाटकातलं सुवर्णाच्या कामाचं पहिलं वाक्य आलं. माझ्या ओठांवरसुद्धा आलं. स्वतःची किळस आली. मग वाटलं, आता सांगितलं तर ते सुवर्णासाठी नसेल, माझ्या स्वतःसाठी असेल. दुसऱ्याच्या आईच्या दुखण्यावर मला काम नको. मी मोबाइल परत पिशवीत टाकला. इतके दिवस तिनं मेहनत केलीय, करू दे तिला, नंतर सांगू, असं ठरवलं. सबंध पहिला अंक मी विंगेत बसून स्वतःला फार मोठ्या मनाची समजत होते.

मध्यंतरात सांगता आलं असतं. पण तेव्हा, आधी का नाही सांगितलं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून तेव्हाही नाही. शेवटी, फोन आत्ताच आला, असं म्हणाले.

सत्यभामाबाई शेगावला पोचल्यावरही तास-दोन तास बोलत होत्या. सुवर्णा वेळेवर निघाली असती, तर त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलं असतं. मी तिला फोन करते, तब्येत विचारते, आणि ठेवून देते. ती मला म्हणते, मॅडम, तुम्ही किती चौकशी करता हो.

येत्या रविवारी सोनाळ्याला जाते आहे. तुम्ही जा म्हणाल म्हणून नव्हे. पण तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय पाय निघत नव्हता. काकूला नमस्कार. या पत्रानंतरही मला आपली म्हणाल, एवढी आशा ठेवते.

अनुपमा


सोनाळा,
२२ फेब्रुवारी

अनुपमा मॅडम यांना,
सुवर्णाचा नमस्कार.

ओवीचे पप्पा आले होते, त्यायच्या हाती हे पत्र देऊन राह्यली. फोनवर माह्या तोंडातून काय निघालं असतं, त्याचा मले भरवसा नव्हता. लिहिताना माणूस थोडं थांबते.

रविवारी तुम्ही आल्या, आईच्या खाटेपाशी बसल्या अन् सारं सांगतलं. मी उठून म्हशीले पाणी पाजायले गेली. तुम्हाले वाटलं असन, मले धक्का बसला. तसं नाही मॅडम. मले माहीत होतं. मी दवाखान्यात पाय ठेवला तसंच हरिओमनं इचारलं, मॅडम तर हो म्हणे, मंग ताई एवढा उशीर काऊन? तवापासून मी वाट पाहून राह्यली होती. तुमचा फोन आला की मले वाटे, आज सांगतीन. तुम्ही आईची गोळी-औषधं इचारून फोन ठेवून देत. किती चौकशी करता, असं मी मुद्दाम म्हणो.

तुम्ही म्हणता, तुम्हाले कामाचा मोह झाला, त्याची लाज वाटली, म्हणून सांगतलं नाही. मी लय इचार केला त्याच्यावर. मोह झाला तर होऊ द्यायचा होता. तुम्ही माही साडी नेसल्या असत्या, लोकायनं तुम्हाले टाळ्या वाजवल्या असत्या, अन् मी माह्या आईपाशी असती. माह्यं काय बिघडत होतं? तुम्ही चांगल्या राहाव्या म्हणून माह्या वाटचं तुम्हीच ठरवून टाकलं. मले इचारलंच नाही. राग मले त्याचा आहे.

हरिओम म्हणते, आई काही सांगत नव्हती, नुसतं माह्यं नाव घेऊन राह्यली होती. असन. पण आता ते डाव्या हातानं माह्या पदराले धरते अन् तोंड हलवते, तवा मले वाटते, काहीतरी होतं. ते काय होतं, हे मले कधीच समजणार नाही.

शेषरावकाकांचा निरोप आला, तुम्ही चिखलीच्या कामाले नाही म्हणून राह्यल्या. असं करू नका. तुम्ही घरी बसल्यानं आईले बोलता येणार नाही, अन् बाकीच्या बायायची मेहनत वाया जाईन. तुम्हाले काम पाहिजे होतं ना? मंग करा, अन् चांगलं करा. दही वाढता तवा घाई करू नका. लोकायले हसू द्या, मंगच पुढचं बोलजा. मी पाहायले येणार नाही. आईमुळं नाही, हरिओम आहे तिच्यापाशी. मलेच येऊ वाटत नाही.

तुम्ही खरं सांगायले आल्या, हे मी इसरणार नाही. उशिरा आल्या, हेही इसरणार नाही. ओवीले शाळेत पहिल्यासारखंच शिकवजा, तिले यातलं काही माहीत नाही.

शेवटी लोभ असू द्यावा, असं लिहा लागते. आज मले लिहवत नाही. ज्या दिवशी लिहवन, त्या दिवशी दुसरं पत्र पाठवीन.

सुवर्णा