डावी भुवई

१२ ऑगस्ट १९५८

डावी गेली. आज तोंड पुसताना शेवटचे केस पंच्याला लागून आले. आरशात पाहिलं — उजवीकडे भुवई, डावीकडे गुळगुळीत पांढुरकी पट्टी, भाजल्याच्या वणासारखी.

मार्चमध्ये साळवे डॉक्टरांनी कानामागची केसांची पट्टी कापून दोन्हीकडे बसवली होती. उजवी धरली. इतकी धरली की डोक्याच्या केसांसारखी वाढते, कात्रीनं कापावी लागते. डावीत पू झाला. तेव्हापासून एकेक केस जात होता आणि मी रोज पाहत होते. आता पाहायचं काही राहिलं नाही.

दोन्ही नसण्यापेक्षा एकच असणं वाईट. दोन्ही नसल्या तर बाई आजारी दिसते. एकच असली तर बाई काहीतरी लपवते, असं दिसतं.

१३ ऑगस्ट

महारोग. लिहून टाकला एकदा शब्द. या घरात तो कोणी उच्चारत नाही. सासूबाई 'ते' म्हणतात. हे तेवढंही म्हणत नाहीत.

तीन वर्षं त्या दवाखान्यात काढली. गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. साळवे डॉक्टरांनी कान, कोपर, तळपाय सगळं तपासून सांगितलं, 'तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही.' गावात सांगितलं आहे की माहेरी आई अंथरुणाला खिळली होती, तिचं करायला गेले होते. शाळेतली मास्तरीण होते, ती नोकरी त्याआधीच सोडलेली.

रोग गेला. जाताना भुवया घेऊन गेला. आणि लोक माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा तेच शोधतात. म्हणून मी जाड काळ्या चौकटीचा चष्मा लावते, काचा साध्या. यांनी चांद्याहून आणला. त्यावर पदर.

१९ ऑगस्ट

यांचे मावसभाऊ लटारूभाऊ आले होते. आमच्या रंभासाठी स्थळ आणलं, मूल गावचं. रंभाला सोळावं सरलं.

"पोरगा लाकडाच्या डेपोत कारकून हाये. बाप नाई त्याले. मायच सारं पाह्यते, धुरपताबाई. धान निंगालं का येतो म्हने पोरगी पाहाले."

उठता उठता मला म्हणाले, "एक सांगू का वयनी? ते बाई पोरगी पाहात नाई. पोरीची माय पाह्यते."

रंभा दाराआड हसत होती. तिनं हे शेवटचं ऐकलं की नाही, कळलं नाही.

ते गेल्यावर हे म्हणाले, "नागपूरले एक डॉक्टर हाये म्हन्तेत. दोनी भुवया एका खेपेत करते. आता साळवेकडं नोको जाऊ."

"काऊन?"

"दवाखान्याच्या त्या फाटकापाशी उतरलं का मोटारीतले सारे वळून पाह्यतेत."

खरं आहे. पाहतात. काही जण पाय वर घेतात.

२ सप्टेंबर

नदी भरली. पलीकडे नेणारा डोंगा बंद. नागपूर लांबलं. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

११ सप्टेंबर

तळ्याच्या पाळीपलीकडे, बांधाच्या मागे, चैतूची झोपडी होती. मासे धरणाऱ्या ढिवराचा चैतू. त्याचं नाक बसलं, बोटं झडली, तेव्हा गावानं त्याला तिकडे काढलं. बायको पाळीवर भात ठेवून मागं फिरायची.

काल ती झोपडी जळाली. चैतू आत नव्हता. जंगलाकडे जाताना कोणीतरी पाहिला म्हणतात. चुलीची ठिणगी उडाली, असं सगळे सांगतात. आठ दिवसांच्या पावसानं भिजलेलं गवताचं छप्पर ठिणगीनं पेटलं.

हे जेवायला उशिरा आले. बाहेरच हात धुतले, खूप वेळ. सासूबाईंनी विचारलं, "कुठी गेल्ता?"

"पाळीवर."

मी भात वाढला. मग ताटाकडे पाहतच हे म्हणाले, "नाई गेलो असतो तं उद्या इचारलं असतं, हा काऊन नाई आला."

मी वरण वाढलं. यांनी सगळं जेवण केलं. ताटात काही टाकलं नाही.

१२ सप्टेंबर

भुवई करायचीच. कुठे, एवढंच ठरवायचं आहे.

२८ सप्टेंबर

नागपूरहून कालच आलो. डोंगा, मग मोटार, मग मूलहून छोटी रेल्वे. मूलच्या फलाटावर मी मान वर केली नाही. ती धुरपताबाई याच गावात राहते.

डॉक्टर टेबलाच्या पलीकडे, आम्ही दाराजवळ. त्यांनी मला हात लावला नाही. कंपाउंडरला म्हणाले, 'चष्मा काढायला सांगा.' मी काढला. लांबूनच पाहिलं.

'उजवीही काढून टाकू. दोन्ही नव्या लावू. जोड जमला पाहिजे.'

जी जगली तीच काढणार.

मी विचारलं, 'डावी का गेली असेल?'

'करणाऱ्याला येत नसेल.'

'आणि तुम्ही लावलेली गेली तर?'

ते हसले. 'माझी जात नाही.'

बाहेर बाकावर आरमोरीकडचा एक दुकानदार बसला होता. त्याच्या भुवया पाहून मला हेवा वाटला, इतक्या दाट, इतक्या रेखीव. मग त्याचे डोळे पाहिले. तो माझ्याकडे बघत होता आणि पापणी हलत नव्हती.

"लय वढलं वरचं कातडं," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं. "डोया मिटत नाई आता, बाई. झोपलो तरी उघडाच राह्यते. फडकं बांधून झोपतो. एक डोया तं धुरकट होऊन राह्यला."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"सांगाले आलो तं म्हन्ते, भुवई आली ना चांगली?"

येताना गाडीत हे म्हणाले, "भुवई चांगली होती त्याची."

"डोळा पाहिला का?"

"तुले चष्मा हाये."

मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर धान उभं होतं, मैलच्या मैल. काही दिसत नव्हतं मला त्यातलं.

२९ सप्टेंबर

डोळे मिटून किती वेळ राहता येतं ते दुपारी पडल्या पडल्या पाहिलं. मग उघडायची भीती वाटली.

५ ऑक्टोबर

साळवे डॉक्टरांकडे जाऊन आले. एकटी जाणार होते. सासूबाई काठी घेऊन उठल्या — "मी जातो हिच्यासंग." फाटकापाशी उतरताना मोटारीतले लोक वळलेच. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की निम्मे पुन्हा समोर बघायला लागले.

डॉक्टरांनी अंगठा माझ्या कानशिलावर दाबून धरला. 'इथे नस उडते, कळते का? मागच्या वेळी मी केसांची पट्टी पूर्ण तोडून भुवईवर लावली. डावी पट्टी जाड कापली गेली. तिला रक्त पोचलं नाही. ती चूक माझी होती. आता तोडायची नाही. केसांचा तुकडा या नसेला जोडलेलाच ठेवायचा आणि कातडीखालून भुवईपर्यंत ओढून आणायचा.'

'नाही जगला तर?'

'तर भुवई नाहीच, वर कानशिलावर टक्कल राहील. मी खात्री देत नाही.'

मग म्हणाले, 'न करण्याचाही विचार करा, वच्छलाबाई. तुम्ही बऱ्या आहात. भुवई नसली तरी बऱ्या आहात. मी तुमच्या गावात येतो, चावडीवर बसून सांगतो सगळ्यांना.'

मी त्यांना चैतूच्या झोपडीचं सांगितलं. त्यांनी तारखांची वही पुढे ओढली. मग म्हणाले, 'कधी करायची?'

८ ऑक्टोबर

घरात दोन दिवस तोच विषय, बोलून कमी, न बोलून जास्त. आज फुटलं.

"तो खात्री देत नाई, आन तू त्याच्याकडंच जाऊन राह्यली?"

"खात्री देत नाही म्हणूनच."

"त्यानंच बिघडवली ना एकदा?"

"त्यानं ते मला तोंडावर सांगितलं. नागपूरवाल्यानं त्या माणसाला काय सांगितलं?"

सासूबाई सुपातल्या डाळीतून मान वर न करता म्हणाल्या, "डोकं तिचं हाये. तिले ठरवू दे."

हे दारापर्यंत गेले, तिथून म्हणाले, "यावेळी बिघडलं तं मी काई करू शकनार नाई."

डॉक्टरबद्दल म्हणाले की गावाबद्दल, ते मी विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर, दवाखाना

झाली. पडून लिहिते आहे, अक्षर वाकडं. जागीच होते. बधिर केलं होतं, दुखलं नाही. पण कातडीखालून तुकडा ओढताना आवाज आला. ओलं कापड फाडल्यासारखा, माझ्याच डोक्याच्या आतून.

२० ऑक्टोबर

पट्टीला वास येतो. मागच्या वेळी असाच सुरू झाला होता. नर्सला विचारलं, ती म्हणाली औषधाचा आहे. औषधाचा वास मला माहीत आहे.

२१ ऑक्टोबर

डॉक्टरांनी पट्टी सोडली. नर्सला दिवा जवळ आणायला सांगितलं. मी छताकडे पाहत होते. त्यांनी एक टाका कापला, गालावरून काहीतरी गरम ओघळलं.

'आत रक्त साचलं होतं,' म्हणाले. 'तुकडा गुलाबी आहे.'

'म्हणजे?'

'म्हणजे आज जिवंत आहे.'

आज.

२९ ऑक्टोबर

अजून जिवंत.

३० नोव्हेंबर

घरी. धान कापणी चालू आहे, सगळी माणसं धानाच्या बांधीत. मी अंगणात बसून आरसा पाहिला, उन्हात, चष्म्याशिवाय. डावी आहे. केस जरा वर उभे राहतात, खोबरेल लावून बसवावे लागतात. कानशिलावरची रेघ केसात लपते.

रंभा विंचरायला बसली तेव्हा पाहून म्हणाली, "माय, डावी तं उजवीपेक्षा झ्याक हाये." तिला सगळं ठाऊक आहे. तिनं बोटानं दोन्ही भुवया सारख्या केल्या, लहान पोरीच्या कराव्यात तशा.

यांनी संध्याकाळी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "चष्मा ठेव तरी," एवढंच म्हणाले.

१४ जानेवारी १९५९

लटारूभाऊ येऊन गेले. तीळगूळ हातात तसाच धरून बोलत होते.

धुरपताबाई विचारत आहेत. पोरीची आई माहेरी किती दिवस होती? तिच्या आईला काय आजार होता? कोणत्या डॉक्टरचं औषध होतं? गेल्या साली सिंदेवाहीकडची एक मुलगी त्यांनी पाहिली आणि मानेवर चट्टा दिसला म्हणून तिथूनच उठून आल्या. गजकर्ण होतं नुसतं. पण त्या उठून आल्या हे चार गावांत झालं, आणि त्या मुलीच्या घरी आता पाणी प्यायला कोणी थांबत नाही.

"घरात नाई बसत म्हने ते बाई. आंगनातच बसतो म्हने, उजेडात. आन पोरीच्या मायले म्होरं बसवा म्हने."

सासूबाई म्हणाल्या, "येऊच नोको म्हना तिले."

"आता नाई म्हटलं तं जास्त इचारतीन," हे म्हणाले. "उद्या गावही इचारीन, काऊन मोडलं."

गाव. मला चैतूच्या झोपडीचं ते जळकं ठिकाण आठवलं. पावसानं धुऊन गेलं, तरी तिथे अजून गवत उगवलं नाही.

२७ जानेवारी

बाजारात चामोर्शीला एक बाई माझ्याकडे पाहत राहिली. मीही पाहिलं. ती कांदे निवडायला लागली. कदाचित ती कांद्यांकडेच पाहत होती. हे कधी संपतं, कोणास ठाऊक.

७ फेब्रुवारी

उद्या येणार. अंगण सारवलं. रंभा नवं पातळ घडी घालते आहे, मोडते आहे, पुन्हा घालते आहे.

कात्रीनं दोन्ही भुवया बरोबर करायला बसले. कात्री सरकली, डावीला एक खाच पडली. बारीकच आहे. पण ज्याला पाहायचं आहे त्याला दिसेल.

हे आले, आरशात मागून दिसले. म्हणाले, "काई इचारलं तं तू बोलू नोको. मी बोलतो."

"मला विचारलं तर मीच बोलेन."

हे गेले. आज त्यांच्या पाठीकडे पाहिलं तर वाटलं, माझ्यापेक्षा जास्त भितात हे.

८ फेब्रुवारी

धुरपताबाई आल्या. अंगणात बसल्या. रंभाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे सारखं. मी चहा करायला आत आले तर मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं. माझा चष्मा स्वतःच्या हातानं काढला. डाव्या भुवईवरून बोट फिरवलं, केसांच्या उलट्या बाजूनं. मी भिंतीला टेकले. संपलं, म्हटलं.

त्यांनी पदराचं टोक गडव्यातल्या पाण्यात बुडवलं आणि स्वतःच्या भुवया पुसल्या. काजळ पदरावर आलं. खाली काही नव्हतं. दोन्हीकडे.

"कोन्या डॉक्टरानं केलं, बाई?"

मी साळवे डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्या माझा हात घट्ट धरून रडत होत्या, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा — हिच्या घरात रंभाला द्यायची?