पांढऱ्या गाडीची खांदशेकणी

नागपूर,
२७ जुलै २०२५

ती. मामाजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून मामी घाबरेल, तिला आधी सांगा की पोट्टी ठणठणीत आहे. फोन केला की मामी स्पीकर लावते, ओट्यावर बसलेलं अर्धं मुकुटबन मला जेवली का विचारतं, आणि मी बोललेलं संध्याकाळपर्यंत कळंबला बाबांच्या कानावर जातं. म्हणून ही चिठ्ठी. जे लिहिते आहे ते बाबांना कळायला नको.

बँकेचं ट्रेनिंग सुरू झालं. इथल्या होस्टेलात गाडी लावायला जागा म्हणजे एक चिंचेचं झाड, आणि त्यावर नागपुरातले सगळे कावळे. म्हणूनच माझी पांढरी जीटी गाडी तुमच्या रिकाम्या गोठ्यात ठेवून आले. मामाजी, ती दिसायला लहान आहे, पण इंजिनाला टर्बो आहे, पाय दाबला की मोठमोठ्या गाड्या मागे पडतात. चंद्रपूरच्या एका डॉक्टरांकडून मी ती जुनी घेतली, आधीच्या नोकरीत साठवलेल्या स्वतःच्या पगारातून. टर्बोचा आवाज ऐकून बाबा तिला शिट्टीची पेटी म्हणतात. त्यांचं म्हणणं, पोटात चार माणसं मावत नाहीत, गतिरोधकावर पोट घासतं, आणि मला चहाची कपबशी धुता येत नाही तर गाडी काय सांभाळणार.

तर आमचा करार असा ठरला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, बाबा यवतमाळचं एक गिऱ्हाईक घेऊन तुमच्याकडे येणार. गाडी मी म्हणते तशी बिनडाग, चकचकीत दिसली तर माझी. एक जरी डाग दिसला तर मला निगा राखता येत नाही असं सिद्ध, आणि गाडी त्याच दिवशी गिऱ्हाइकासोबत जाणार. मी हो म्हणून बसले. मामाजी, मला ती विकायची नाही हो. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं आहे.

एवढंच करा, आठवड्यातून एकदा फक्त मी दिलेल्या शाम्पूनं धुवा आणि डिकीतल्या मऊ निळ्या कपड्यानं पुसा. फिरवून आणली की बंद करायच्या आधी इंजिन थोडं तसंच चालू राहू द्या, टर्बो थंड होतो. पुढच्या भागावर वणीच्या अब्रारभाईनं पारदर्शक फिल्म चिकटवली आहे, दगड लागू नये म्हणून. तिला नख लावू नका.

कळावे. माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, उरलेला गाडीवर असू द्या.

तुमची भाची,
वैष्णवी

•

मुकुटबन,
४ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवीस,
मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुही चिठ्ठी पोचली. पोस्टमन म्हणे नानाजी, कोर्टाचं काही हाये का? तुह्या मामीनं ती उलटीपालटी करून पाह्यली, अन् स्पीकर कुठं लावाचा ते काही तिले समजलं नाही.

गाडी मजेत हाये. पह्यल्या दिवशी मामीच्या काळ्या कोंबडीनं टपावर बैठक मांडली. मी तिले हाकललं तं ते बोनटवर आली, बोनटवरून हाकललं तं आरशावर. शेवटी भोवती तुराट्याचा कूड उभा केला. आता कोंबडी बाहेर अन् गाडी अंदर, दोघी एकमेकीकडं पाहत राह्यतात. उंदरासाठी चाकाजवळ तंबाखूच्या पुड्या ठेवल्या. उंदीर आले नाही, पण शेजारचा हरिसिंग रोज येते अन् पुड्या कमी होतात.

इंजिनाचं तू सांगतलं ते मले शिकवू नोको. पळून आलेल्या बैलाले कोणी लगेच पाणी दाखवते का? दम खाऊ द्या लागते. मी मुकुटबन ते पाटण एक चक्कर मारली. पोरी, पाय नुसता टेकवला अन् माह्यी टोपी मागच्या सीटवर! घरी आल्यावर तिले दम खाऊ देला, मंग मीही खाल्ला. मामीनं इचारलं चेहरा काहून पांढरा पडला, तं म्हटलं गाडीचा रंग लागला.

पाणी टाकून धुतली. तुहा निळा कपडा लय नाजूक वाटला, म्हणून पुसाले ओलं पोतं घेतलं. मोऱ्या-धवळ्याले बारा वर्सं पोत्यानंच पुसलं, कधी तक्रार नाही.

खरं सांगतो, ट्रॅक्टर घेतला अन् मागल्या साली बैल विकले तवापासून गोठ्यात जावंसं वाटत नव्हतं. सकाळी हात सवयीनं दाव्याकडं जाये. आता तुही गाडी हाये तं जातो, दोन गोष्टी बोलतो. ते बोलत नाही, पण बैल तरी कुठं बोलत होते.

तुह्या बाबाचं, म्हणजे आमच्या भाटव्याचं, मी पाहून घेतो. काळजी करू नोको. लोभ हायेच, तो काही शाम्पूनं धुतल्यानं जात नाही.

तुहा मामा,
नानाजी

•

नागपूर,
११ ऑगस्ट २०२५

ती. मामाजींस,
शि. सा. न. वि. वि.

पोतं वाचून मी क्लासातच मोठ्यानं अगं आई म्हटलं. सरांना वाटलं व्याजाचं गणित अवघड गेलं.

मामाजी, पोत्यानं गाडीवर केसासारखे बारीक ओरखडे उठतात, उन्हात जाळ्यासारखे दिसतात. तुमची चूक नाही, मीच नीट सांगितलं नाही. अब्रारभाईंना फोन केला, ते वणीहून येऊन पॉलिश मारून गेले असं मामीनं सांगितलं. ते पोतं त्यांनी सोबत नेलं म्हणे, पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून.

रागावले नाही हो. उलट तुम्ही गोठ्याचं लिहिलं ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. खोलीतली खुशी विचारत होती कोणाचं पत्र, मी म्हटलं माझ्या गाडीच्या मामाचं.

आता मी नियम सांगत बसत नाही. तुम्हाला जनावर जपता येतं, तेवढं पुरे. मोऱ्या-धवळ्याला जपलं तसंच हिला जपा, काही कमी करू नका. फक्त तान्ह्या पोळ्याला ती पांढरीशुभ्र दिसू द्या. बाबा चष्मा पुसून, वाकून बघणार आहेत. त्यांना तुम्ही ओळखता, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलातल्या चुकाच काढल्या त्यांनी.

मामीला नमस्कार. कोंबडीला वचक असावा. कळावे, आणि लोभाचं तुम्हाला काय सांगू, तो तिथे गोठ्यातच ठेवून आले आहे.

तुमची,
वैष्णवी

•

मुकुटबन,
२३ ऑगस्ट २०२५, सकाळी
(तान्हा पोळा)

चि. वैष्णवीस,
आशीर्वाद. ते घे आधी, मंग पुढं वाच.

माह्या हातून लय मोठा घोटाळा झाला. भाटवे गिऱ्हाईक घेऊन निघाले हायेत अन् मी ओट्यावर बसून लिहून राह्यलो. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला, तुह्याशी बोलायची हिंमत नाही.

पोळ्याच्या आधल्या दिवशी आपल्याकडं बैलाची खांदशेकणी होते, तुले माहीतच हाये. वर्सभर जू ओढून खांदा दुखते, म्हणून तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकाचा, अन् सांगाचं की आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गावात घरोघरी खांदशेकणी चालू. माह्या घरी हळद वाटलेली, तूप कढवलेलं, अन् गोठ्यात बैल नाही. मामी म्हणे राहू द्या यंदा. मले काही राहवलं नाही. तूच तं लिहिलं होतं, मोऱ्या-धवळ्यासारखं जपा, काही कमी करू नका. म्हटलं हे बी तं ओढतेच. मंग पुढच्या दोन्ही चाकांच्या वरती, जिथं तिचा खांदा येते, तिथं तूप-हळद चोळली. चांगली जाड. पळसाची पानं लावली, वरून धवळ्याची झूल टाकली अन् तिले आवतन देलं.

पोळ्याच्या सकाळी झूल काढली. तूप निथळलं होतं, हळद नाही. पांढऱ्या गाडीले पिवळे खांदे! मी घाबरलो. मामी म्हणे थांबा, अन् तिनं कपड्याची पावडर लावून घासलं. हळदीले साबण लागला की काय होते ते नवऱ्या मुलीच्या पातळावर आपण शंभरदा पाह्यलं, पण त्या वक्ती डोकं कुठं चालते! पिवळ्याचं झालं लाल. लालभडक, वैष्णवी. जसं काही कोणी तिले कुंकू लावून ओटी भरली.

अब्रारले फोन लावला. त्यानं तिकडं कपाळावर हात मारला तो मले इकडं ऐकू आला. मंग म्हणे चाचा, अब कुछ मत लगाना, हाथ जोडता हूं. रंग फक्त फिल्मीत गेला, खालची गाडी साबूत हाये, उन्हात ठेवा, हळद आपोआप उडते. आता ऊन कुठून आणू? आभाळ असं भरलं की कापूस बी हिरमुसला.

अन् आणखी एक सांगतो, लपवत नाही. खांदशेकणी झाली तं पोळ्यात न्या लागते. आवतन देऊन जेवाले नाही बोलावलं तं मोठं पाप. म्हणून तशीच लाल-पिवळी नेली तोरणाखाली, बैलांच्या रांगेत, झूल अन् घुंगरमाळ घालून. सगळे पोट्टे मागं. हरिसिंगनं तं लगेच चार ओळी जुळवून पोळ्याची झडती म्हटली:

बैल गेले बाजारले, गोठ्यात आली गोरी,
पेट्रोल पेते घागरभर, कामात करते चोरी,
नानाजीच्या गळ्यात आता बांधा तिची दोरी!
हर बोला, हर हर महादेव!

सारं गाव हासलं. मीही हासलो. मागल्या साली मी तोरणापाशी गेलोच नव्हतो, रिकाम्या हातानं कसा जाऊ? यंदा गेलो. घरी आल्यावर मामीनं तिले ओवाळलं, पुरणपोळी दाखवली. तोंड कुठं ते समजेना, म्हणून पेट्रोलच्या झाकणाले लावली.

पण पोरी, माह्या हौसेपायी तुही गाडी जाते, हे मले सहन होऊन नाही राह्यलं. भाटव्यांच्या पाया पडीन, सांगीन की चूक माह्यी हाये. ते कोणाचं ऐकत नाहीत हे बी माहीत हाये. जीप वळली वाटते. हो, आलेच.

लोभ असू दे म्हणाले तोंड नाही. असला तं ठेव.

तुहा अपराधी मामा,
नानाजी

•

नागपूर,
२७ ऑगस्ट २०२५

ती. मामाजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज हाती आलं, आणि मी हसू की रडू तेच समजत नाही. चार दिवसांपासून वेड लागायची पाळी आली आहे. तुमचा फोन तांदळात. मामीला लावला तर ती म्हणते सगळं मस्त आहे, आणि मामी मस्त म्हणाली की मला धडकी भरते. बाबांना लावला तर म्हणाले, निर्णय लेखी कळवण्यात येईल. आई तर फोनवर नुसती खुसखुसत होती.

गेली ना गाडी? गेली असेल तर सरळ लिहा. तुम्ही कोणाच्या पाया पडायचं काही कारण नाही. तुम्ही केलं ते मी सांगितलं तसंच केलं, अगदी काही कमी न करता. पेट्रोलच्या झाकणाला पुरणपोळी वाचून खुशी पलंगावरून खाली पडली. माझी गाडी पोळ्यात गेली, मामाजी! अशी गाडी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाची असेल? गेली तरी चार दिवस राजासारखी राहून गेली.

हे लिहिताना मी रडते आहे, पण तुमच्यावर नाही, त्या गिऱ्हाइकावर. लोभ होता, आहे, आणि तुम्ही हळद फासली तरी राहील.

तुमचीच,
वैष्णवी

•

कळंब,
२८ ऑगस्ट २०२५

चि. वैष्णवी हिस,
आशीर्वाद.

विषय : पांढऱ्या रंगाच्या गाडीबाबत अंतिम निर्णय.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी गिऱ्हाइकासह मुकुटबन येथे समक्ष पाहणी केली. गाडीच्या दोन्ही पुढील बाजूंस तांबडे-पिवळे डाग आढळले. बोनटवर कोंबडी आढळली. नानाजी गाडीपुढे हात जोडून उभे होते. ते मला जोडले होते की गाडीला, हे स्पष्ट झाले नाही.

करारानुसार गाडी त्याच वेळी विकणे भाग होते. परंतु गिऱ्हाइकाने डाग पाहून हसत असे म्हटले की, खेड्यातल्या अडाणी लोकांच्या हाती गाडी दिली की हेच होते, आता निम्म्या भावात द्या. मी त्याला विचारले की खांदशेकणी म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे काय. त्याला ठाऊक नव्हते. ज्या दारात जित्राबाला आवतन दिले, जेवू घातले, त्या दारात दुसऱ्या दिवशी त्याचा सौदा करणे माझ्या घरात झाले नाही व होणार नाही. माझ्या साळ्याला माझ्यासमोर अडाणी म्हणण्याचा अधिकार फक्त मला आहे. गिऱ्हाइकास चहा न देता परत पाठवले.

तुझ्या निगेबाबत माझा आक्षेप होता. डाग असणे व निगा नसणे या दोन भिन्न बाबी आहेत, असे मत मी नोंदवतो. तू गाडी अशा माणसाच्या हाती दिलीस की त्याने तिला घरात घेतले. यापेक्षा अधिक निगा मला माहीत नाही. सबब गाडी विकली जाणार नाही.

गिऱ्हाईक जीप घेऊन निघून गेल्याने मला कळंबला परतण्यास साधन उरले नाही. केवळ त्या कारणास्तव मी सदर गाडी चालवली. सोबत नानाजी होते. पांढरकवड्यापुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा तपासणीकरिता एकदा पाय दाबला. नानाजींनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले. मी घेतले नाही, कारण मी हसत होतो. हे तुझ्या आईस कळवू नये, तिला आधीच संशय आहे.

काल गणेश चतुर्थीनिमित्त चिंतामणीच्या दर्शनास गाडी नेली. मंदिर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तथापि मी बाभूळगावचा लांबचा वळसा घेऊन गेलो. आज थोडे ऊन पडले होते, म्हणून अंगणात दिवसभर ऊन सरकेल तशी गाडी सरकवत होतो. डाग फिकट होत आहेत. निळा कपडा धुऊन वाळत घातला आहे, त्याला कोणी हात लावू नये असे घरात बजावले आहे.

आता मुख्य मुद्दा. गाडी तुझी आहे, यात वाद नाही. परंतु ट्रेनिंग संपेपर्यंत तुला तिची गरज दिसत नाही, आणि संपल्यावरही बँकेजवळ खोली घेतल्यास दिसणार नाही. यावर तुझा अर्ज आल्यास विचार करण्यात येईल, घाई करू नये.

पोरी, सुटीत येशील तं नागपूरहून बसनंच ये. स्टँडवर घ्यायले मी येतो, गाडी घेऊन. पण घरापर्यंत चालवीन मीच.

लोभ आहेच, तो मंजूर समजावा.

तुझे बाबा,
देवराव