गादीची पलीकडची बाजू

प्रिय निकोलासाताईस, ओकोंगातेहून धाकट्या इलारिओनचा डोकं ठेवून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा दमा मोयेंदोच्या समुद्राच्या हवेने हटला, की तिथेही सोबतीला आलाय? तुझी रेमेदियोस बाळंत झाली का? पोपट अजून पाद्रीबाबांना शिव्या घालतो का? माझं विचारशील तर बरं आहे. दात दोन कमी झाले, पण खाणाराही आता एकच, तेव्हा भागतं.

ताई, फोर्तुनाता गेल्यापासून माझी झाडं वाकडी येतात. तुला ठाऊकच आहे, लिमाच्या संग्रहालयासाठी आम्ही वरच्या खिंडीतली झाडं आणून, जुन्या वर्तमानपत्रांत घालून, दाबून वाळवायला गादीखाली ठेवायचो आणि वर निजायचो. माझ्याकडची नेहमी चुरगळायची (मी कूस बदलतो), तिच्याकडची इस्त्री केल्यासारखी निघायची. ती म्हणायचीच, "माझ्या वजनाला हसताय, हसा. मी गेल्यावर एक पान सरळ यायचं नाही तुमचं." बोलली ते खरं करून दाखवलं, जन्माची खोड.

आता तिने शेवटची आणलेली विरा-विरा (लोकरीसारख्या पानांची, खोकल्याला उकळतो ती) तिच्याच बाजूला होती, आणि वेचणारी म्हणून चिठ्ठीवर तिचं नाव जायचं होतं. पानं मुडपायला लागली तशी माझी झोप उडाली. वर चुन्योचं पोतं ठेवलं, पण वाळक्या बटाट्याला कसलं आलंय वजन. पाटा ठेवला, तर पलंगाचा पाय मोडला. मेंढी चढवली, तिने कडेचं वर्तमानपत्र खाल्लं (बातम्या शिळ्याच होत्या). शेवटी शेजारच्या मेल्चोरला मक्याची चिचा पाजून आडवा केला. सकाळी उठून म्हणतो, "दादा, तुम्ही झोपेत माझ्या अंगावर पांघरूण घालता आणि अल्पाका आत घेतलेस का म्हणून विचारता. मी काही पुन्हा येत नाही बुवा, गावात बोलतील."

तर ताई, तुझं वजन फोर्तुनाताएवढंच (राग मानू नकोस, दाजीच म्हणाले होते). पाऊस सरेपर्यंत इकडे येऊन त्या बाजूला निजलीस, तर विरा-विरा सरळ होईल. मी चुलीपाशी घोंगडी टाकीन.

तुझा,
इलारिओन

ता.क. खोटं कशाला बोलू. संग्रहालयाच्या साहेबांनी झाडं दाबायला फळ्या आणि पट्टे धाडले होते. विरा-विरा त्यात केव्हाच सपाट वाळली आणि फोर्तुनाताच्या नावाची चिठ्ठी लावून लिमाला गेलीसुद्धा.

आणखी ता.क. गादीखाली आता काहीच नाही. पण तिच्या बाजूचा खड्डा अजून तसाच आहे. झोपेत मी घरंगळत तिकडे जातो, आणि तिथे कुणी नसतं. येतेस का, तेवढं लवकर कळव.